प्लॅस्टिकचा बाजा : कानाचा हिशोब आणि बोटांचा हिशोब

गेल्या लग्नसराईच्या तोंडावर सावेडीतील एक बँडमालक आमच्या दुकानी आले. त्यांच्या वादकांच्या गणवेशाचे कापड अनेक वर्षे आमच्याकडूनच जाते. या खेपेस मात्र कापडाचा विषय बाजूला राहिला. पिशवीतून त्यांनी निळ्या प्लॅस्टिकचा ट्रम्पेट काढला आणि विचारले, "भाई, सुपाऱ्यांची आगाऊ रक्कम हातात आहे. जुने सहा पितळी ट्रम्पेट मोडीत घालून असे नवे घ्यावेत का? स्वस्त आहेत, हलके आहेत."

सहा वादकांच्या घरची वर्षाची कमाई या एका प्रश्नावर अवलंबून होती. आम्ही कापडाचे व्यापारी, वाद्यांचे जाणकार नव्हे. तरीही माल पारखण्याची रीत सगळ्या धंद्यांत सारखीच असते. म्हणून आम्ही चौकशी केली. त्यातून जे हाती लागले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

आवाज पितळेचा नव्हे, हवेचा

प्रथम दुकानातच परीक्षा घेतली. गॅबर्डिनचा तागा पडद्यासारखा धरला आणि बँडमालकांनी त्यामागून कधी पितळी, कधी प्लॅस्टिकचा ट्रम्पेट संथ सुरात वाजवला. कोणता कोणता, हे आम्हाला व आमच्या नोकरांना खात्रीने सांगता आले नाही.

याचे कारण असे. वादकाचे ओठ थरथरतात आणि नळीतील हवा डोलू लागते. सूर ठरतो तो नळीची लांबी, आतल्या पोकळीची रुंदी, मुखनळी व पुढच्या कर्ण्याचा आकार यांवर. भिंत कशाची आहे याला महत्त्व फार थोडे. १९७१ मध्ये अमेरिकेतील जॉन कोल्टमन यांनी चांदी, तांबे व लाकूड यांच्या, आतून एकाच मापाच्या बासऱ्या वाजवून पाहिल्या. न पाहता ऐकणाऱ्यांना त्यांतला फरक ओळखता आला नाही. जोरात फुंकल्यावर येणारा झणझणीत 'पितळी' नादही मुख्यतः पितळेमुळे येत नाही. अरुंद लांब नळीतून जाताना हवेची जोरकस लाट पुढून धारदार होत जाते, त्यामुळे तो येतो. पितळी कर्णा स्वतः किंचित थरारतो हे खरे. वादकाला तो हाताला व ओठाला जाणवतो, पण लांबच्या श्रोत्यापर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते.

म्हणजे कानाच्या हिशोबात प्लॅस्टिक नापास नाही.

गाडी अडते ती बोटांपाशी

यानंतर आम्ही वरातीतली एक जलद चाल वाजवायला सांगितली. तेव्हा पिस्टन वर यायला वेळ लावू लागला आणि सूर एकमेकांत अडकले. अशी वाद्ये बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात. हेल्मेट व सुटकेसही त्याचीच बनते. हे प्लॅस्टिक उष्णतेने पितळेच्या सुमारे चौपट प्रसरण पावते. पिस्टन घट्ट बसवला तर उन्हात अडकण्याची भीती, सैल ठेवला तर हवा गळते आणि वादकाचा दम वाया जातो. नगरच्या वैशाखात दुपारी वरात काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये २०१० च्या सुमारास निघालेला 'पीबोन' हा प्लॅस्टिकचा ट्रोम्बोन जगभर शाळांत गेला. त्याचे वजन सुमारे ८०० ग्रॅम, म्हणजे धातूच्या वाद्याच्या जवळपास निम्मे. पण त्यात मागेपुढे सरकणारी नळी असते, पिस्टन नसतो. त्याचे यश पाहून ट्रम्पेटही तसाच वाजेल असे समजणे चूक ठरेल.

दुरुस्तीचा प्रश्न

पितळेला पोचा पडला तर कारागीर तो काढतो, गळती असेल तर डाग देतो. प्लॅस्टिकला चीर गेली की अडचण. थिनर लागले तर ते विरघळते, वर्षानुवर्षे उन्हात राहिले तर ठिसूळ होते. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये ॲक्रिलिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन निघाला. चार्ली पार्करसारख्या उस्तादाने १९५३ मध्ये टोरांटोच्या मैफलीत तो वाजवला. पण अंग ठिसूळ व दुरुस्ती अवघड. पुढे त्याचे उत्पादन थांबले.

उलट मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. तेथील नादिर अली कंपनीची सुरुवात १८८५ मधली. पितळी वाद्य घेणे म्हणजे अशा हातांची दुरुस्तीही सोबत घेणे होय.

घेण्यापूर्वी पारख

१. पिस्टन सकाळी व भर दुपारी, दोन्ही वेळा जलद दाबून पाहा.
२. तिसऱ्या पिस्टनची सरकनळी पिस्टन न दाबता थोडी ओढा, मग पिस्टन दाबा. 'पक्' असा आवाज आला तर नळी घट्ट आहे.
३. दहा मिनिटे वाजवून झाल्यावर बँडमधल्या दुसऱ्या वाद्याशी सूर जुळवा.
४. प्लॅस्टिकच्या वाद्याला जमल्यास स्वतःची धातूची मुखनळी लावून पाहा.
५. सुटे भाग कोठे मिळतील हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

आमचा स्वतःचा अनुभवही सांगतो. धंद्यात नवे असताना आम्ही एका बँडला शुद्ध पॉलिएस्टरचे चकचकीत गणवेश दिले. पाहणारे खूश झाले, पण घालणारे घामाने हैराण. पुढच्या हंगामात ते गिऱ्हाईक आले नाही. माल पाहणाऱ्यासाठी एक आणि वापरणाऱ्यासाठी दुसरा असतो, हा धडा आम्हाला तेव्हा मिळाला.

बँडमालकांना आम्ही सांगितले, पितळ मोडीत घालू नका. त्यांनी सहाही ट्रम्पेट दुरुस्तीला दिले आणि प्लॅस्टिकचे दोनच घेतले, शिकणाऱ्या पोरांसाठी. ते हलके आहेत, थंडीत ओठाला गार लागत नाहीत, हातातून पडले तर पोचा पडत नाही. शिकण्यासाठी एवढे पुष्कळ झाले. वरातीत मात्र पितळच वाजते आहे.

अशी वाद्ये विकणाऱ्या बांधवांना विनंती, गिऱ्हाइकाला दोन्ही हिशोब सांगा. एक विक्री कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल.