चाचणीची गोळी आणि आजोबांची सही

समजा तुमच्या आजोबांना पार्किन्सन आहे, आणि डॉक्टरांनी विचारलंय, नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल का? घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार?" हो, प्रयोगच. पण नियमांत बसवलेला.

बहुतेक वेळा काहींना खरं औषध मिळतं, तर काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. फसवणूक वाटते ना? मलाही वाटायची. पण या आजारात मेंदूतलं डोपामिन कमी होतं, आणि २००१ साली कॅनडातल्या संशोधकांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं, की औषध मिळेल या नुसत्या आशेनेही रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवतं! मग हाताची थरथर औषधाने कमी झाली की आशेने, हे तुलना केल्याशिवाय कळणार कसं?

भारतात सहभागाआधी लेखी संमती लागते. सही केल्यावरही आजोबा कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकतात. त्यांचे नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. तो कागद आधी घरी आणा, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आणि डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, सध्याच्या गोळ्या चालू राहणार ना?