सायकल सफरीचा हंगाम

प्रश्न : सातारा-सांगली भागात लांब पल्ल्याची सायकल सफर कधी करावी?

उत्तर : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे जत-आटपाडीत ५००च्या आसपास. त्यामुळे पावसाळ्यातही पूर्वेकडच्या या माणदेशात सायकल चालते. घाटात मात्र दाट धुके आणि निसरडे रस्ते. कास पठारावरच्या फुलांचा बहर सप्टेंबरात, पण तेव्हा तिकडे जाताना यवतेश्वरच्या चढावर गाड्यांची रीघ असते. हिवाळ्यातली खरी अडचण उसाची. गळीत हंगामात कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रीही धावतात, मागे दिवा असेलच असे नाही, आणि सांडलेल्या कांड्यांवरून चाक घसरते. दिवेलागणीपूर्वी मुक्काम गाठलेला बरा. मार्चनंतर ऊन तापते. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीवही गाठतो.