झटका कुंपणाची देखभाल

शेळ्यांचा गोठा, मळा किंवा गोदाम यांच्या हिफाजतीसाठी अनेक बांधव झटका मशीनचे कुंपण घेतात. झटका कमी झाला की दोष मशीनला देतात आणि नवे घेऊन बसतात. हा खर्च बहुधा फुकट जातो. आधी पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) अर्थिंग : झटका तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत मशीनकडे येतो. जमीन कोरडी असेल तर ही वाट तुटते. उन्हाळ्यात सळईजवळ पाणी घालावे. गंजलेला जोड घासून घट्ट करावा.

२) तार : पावसाळ्यात वाढलेले गवत तारेला टेकले की झटका जमिनीत उतरतो. गवत कापावे, तार ताणावी, तडकलेले इन्सुलेटर बदलावेत. त्यापूर्वी मशीन बंद करावे.

३) बॅटरी : सोलर पॅनलवरची धूळ पुसावी. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

४) मोजणी : टेस्टर कुंपणाच्या शेवटच्या टोकाला लावावा. ३,००० व्होल्टपेक्षा कमी दाखवले तर दोष शोधावा.

मुख्य खबरदारी : घरची २३० व्होल्टची लाईन तारेला थेट कधीही जोडू नये. मशीनचा झटका क्षणभराचा, साधारण सेकंदाला एकदा असतो; त्यामुळे जनावर मागे सरते. थेट लाईनला चिकटलेला माणूस सुटत नाही. हा गुन्हा आहे, आणि त्यात चोरच सापडेल असे नाही. शेजाऱ्याचे मूलही सापडू शकते. काटेरी तारेतही करंट सोडू नये. कुंपणावर धोक्याच्या पाट्या जरूर लावाव्यात.