जांघेतला फुगवटा लपवू नका

सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी झाली. हर्नियाचे पेशंट कायमच असत: हमाल, शेतकरी, ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, निवृत्त मास्तर, तान्ही बाळं. त्यातल्या बहुतेकांना फुगवटा आधीच दिसलेला असायचा, पण दाखवायला येईपर्यंत कधी महिने, कधी वर्षं गेलेली असत. जागा अवघड, दुखणं फारसं नाही, मग सांगायचं कुणाला? हा आजार घरीच लक्षात येऊ शकतो. त्यासाठी वॉर्डात शिकलेल्या या गोष्टी.

१. उभं राहून बघा.
पोटाची भिंत जिथे कमकुवत होते, तिथून आतली चरबी किंवा आतड्याचा भाग पुढे सरकतो. उभं राहिलं, खोकलं, कुंथलं की तो बाहेर येतो आणि आडवं झालं की बहुतेक वेळा आत जातो. "सिस्टर, सकाळी नसतं, संध्याकाळी येतं," असं पेशंट सांगायचे, तेव्हा अर्धं निदान त्यांनीच केलेलं असायचं. दिवसभराचं काम आटोपल्यावर आरशासमोर उभे राहा आणि दोन्ही जांघा सारख्या दिसतात का ते पाहा. जिथे फुगीर वाटेल तिथे बोटं हलकेच ठेवून खोका. खोकल्यासरशी आतून धक्का जाणवला, तर हर्निया असण्याची शक्यता बरीच आहे. झोपल्यावर फुगवटा गेला म्हणजे आजार गेला, असं समजू नका.

२. जांघेपुरतं पाहून थांबू नका.
सगळ्यात जास्त हर्निया जांघेतच होतो. साधारण चार पुरुषांमागे एकाला तो आयुष्यात कधी ना कधी होतो. पुरुषांत तो अंडकोषापर्यंतही उतरतो. पण बेंबीपाशी आणि जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागीही हर्निया होतो, सिझेरियनच्या व्रणावरसुद्धा. बायकांमध्ये कधी कधी तो जांघेच्या घडीखाली, मांडीच्या वरच्या टोकाला येतो. हा लहान असतो, पटकन नजरेत भरत नाही, आणि अडकण्याचा धोका मात्र याला जास्त. त्यामुळे "हा पुरुषांचा आजार" म्हणून बायकांनी दुर्लक्ष करू नये.

३. प्रत्येक गाठ हर्नियाची नसते.
पायाला जखम किंवा गळू झालं की जांघेत अवधाण येतं. ती गाठ झोपल्यावर नाहीशी होत नाही. अंडकोषात पाणी साठलं, म्हणजे हायड्रोसील झालं, तरी सूज दिसते. उलट नुसतंच जड वाटणं, ओढ बसणं, उभं राहून काम केल्यावर जळजळणं, ही फुगवटा दिसण्याआधीची लक्षणंही असू शकतात. घरी शंका घ्यावी, निदान सर्जनवर सोपवावं.

४. बाळाच्या बेंबीवर पैसा बांधू नका.
रडताना बाळाची बेंबी फुगली की आजी त्यावर रुपयाचं नाणं ठेवून पट्टी आवळतात. पट्टी सोडली की नाण्याभोवती लालभडक, ओलसर झालेली कातडी मी पाहिली आहे. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बुजतो. नाण्याने त्यात काही भर पडत नाही. जांघेतल्या फुगवट्याचं तसं नाही. तो बाळात आपोआप बरा होत नाही आणि अडकूही शकतो. लगेच दाखवा.

५. खोकला आणि कुंथणं यांची चौकशी करा.
पेशंट सांगतो, "पोतं उचललं आणि आलं." ओझ्याने ताण पडतो हे खरं. पण बिडीचा जुना खोकला, रोजची बद्धकोष्ठता, प्रोस्टेटमुळे लघवीला लावावा लागणारा जोर, यांचाही तोच परिणाम होतो. त्यावर उपचार झाले नाहीत, तर ऑपरेशननंतरही हर्निया पुन्हा होऊ शकतो.

६. पट्ट्याने भोक बुजत नाही.
मोठ्या माणसाचा हर्निया गोळ्या, मालिश, व्यायाम, पट्टा यांनी बरा होत नाही. कायमचा इलाज शस्त्रक्रियेचाच. बहुधा जाळी बसवतात. जाळीशिवाय, पेशंटच्याच ऊतीची पट्टी वापरून करायची एक पद्धत पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी विकसित केली आणि २००१ साली ती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्रास नसेल तर काही पुरुषांना डॉक्टर नुसती देखरेख सुचवतात. थांबायचं की नाही, हे तपासणीनंतर त्यांनीच ठरवायचं.

७. अडकलेला हर्निया ओळखायला शिका.
हे सगळ्यात महत्त्वाचं. एरवी आत जाणारा फुगवटा आत जाईना, कडक झाला, हात लावू देईना, वरची कातडी लाल किंवा काळपट झाली, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, शौचाला होईना, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. यातली सगळी लक्षणं एकदम दिसायची वाट पाहू नका. काही तासांत आतड्याचा तो भाग मरू शकतो. अशा वेळी जोराने दाबू नका, शेकू नका, चोळू नका, तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. १०८ ला फोन करून, जिथे सर्जन आहे अशा रुग्णालयात तडक न्या. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

वेळेत केलेलं हर्नियाचं ऑपरेशन नेहमीचं, ठरवून होणारं असतं. तोच अडकल्यावर जीवावर बेततो. घरातली वडीलधारी माणसं हे दुखणं आपणहून सांगत नाहीत, म्हणून आपणच विचारावं. विचारा, आणि होकार आला तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा.