लोधी गार्डनला जाशील तेव्हा

पोरी, अभ्यासासाठी दिल्लीत आलीस, आणि राजेंद्रनगरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलीस. पुस्तकं कुठं पळून जात नाहीत गं. एखादा रविवार काढ आणि लोधी गार्डन बघून ये. सुलतानांची दिल्ली, इंग्रजांची दिल्ली आणि आजची दिल्ली अशा तिन्ही तिथं एका कुंपणात भेटतात, आणि तिकीटही लागत नाही. फक्त पाहुणीच्या रीतीनं जा. तिथं निजलेल्यांचा मान राख आणि तिथं रोज येणाऱ्यांचाही. तुझी मावशी सांगते ते जाण्यापूर्वी एकदा वाचून घे.

१. उजाडतानाच नीघ — रविवारी दहा-अकरा वाजले की अर्धी दिल्ली डबे आणि सतरंज्या घेऊन येते, मग मोकळं बाकसुद्धा मिळत नाही. पहाट गाठावी, गर्दी मागून येते.

२. करोलबागहून ब्लू लाइननं राजीव चौकाला ये, तिथं यलो लाइनची गुरुग्रामकडे जाणारी गाडी धर आणि जोरबागला उतर. कुठल्या दिशेची गाडी ते आधीच पक्कं कर — राजीव चौकाच्या लोंढ्यात उभं राहून विचार करायला कुणी सवड देत नाही.

३. जमलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा — थंडी ओसरलेली असते, झाडं फुलायला लागलेली असतात. मे-जूनच्या लूमध्ये दुपारी जायचा हट्ट करू नकोस, आणि नोव्हेंबरात निघण्याआधी हवेचा आकडा बघ. फिरायला म्हणून जायचं आणि खोकला घेऊन यायचं, असं नको.

४. थंडीत एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ घाल — सकाळी दोन्ही लागतात, अकराला एक उतरवावंच लागतं, आणि पातळ स्वेटर पिशवीत मावतो.

५. बसायला जाडसर चादर घे — हिवाळ्यात हिरवळीवर बराच वेळ दहिवर असतं, आणि ओल्या कपड्यांनी मेट्रोत बसणं काही सुखाचं नाही.

६. डबा आणि पाणी घरून ने — बाजूला खान मार्केट आहे खरं, पण तिथल्या भावात तुझा चार दिवसांचा मेसचा हिशेब बसेल. खाताना झाकण हाताशी ठेव. दिल्लीच्या घारी धीट असतात.

७. ज्या फाटकानं आत शिरशील त्याचा क्रमांक लक्षात ठेव — बाग जवळजवळ नव्वद एकरांची आणि फाटकं अनेक. मैत्रिणीला नुसतं "गेटपाशी ये" म्हणालीस, तर दोघी दोन रस्त्यांवर उभ्या राहाल.

८. पहिली फेरी कुठंही न थांबता मार — जागेचा अदमास आला की काय निवांत बघायचं ते आपोआप कळतं. आधी पाय, मग डोळे, सगळ्यात शेवटी फोन.

९. फोटोसाठी थांबायचं तर वाटेच्या कडेला हो — तिथं रोज चालणारे आजी-आजोबा वेळेचे पक्के असतात, आणि मागून धावणाऱ्याला तुझा फोटो दिसत नसतो.

१०. लोधी रोडच्या बाजूनं गेलीस तर आधी मुहम्मदशहाची कबर लागेल, पंधराव्या शतकाच्या मध्यातली. नावावरून फसू नकोस — हा सय्यद घराण्यातला. १७३७ साली पहिल्या बाजीरावानं ज्याच्या राजधानीच्या वेशीपर्यंत धडक मारली तो मुहम्मदशहा 'रंगीला' मुघल, आणि त्याची कबर निजामुद्दीन दर्ग्याच्या आवारात आहे.

११. प्रत्येक इमारतीच्या बाजू मोज — त्या काळी सुलतानांच्या कबरींवर आठ बाजूंची वास्तू उठवत आणि उमरावांच्या कबरींवर चौकोनी. एवढी एक खूण कळली की दिल्लीतल्या कितीतरी घुमटांशी तुझी ओळख सोपी होईल.

१२. बडा गुंबदमध्ये कबर शोधत बसू नकोस, ती तिथं नाही. तो वेळ शेजारच्या मशिदीला दे — १४९४ सालच्या त्या मशिदीत गिलाव्यात कोरलेली अक्षरं आणि वेलबुट्टी आहे. मान दुखेपर्यंत वर बघ, चालेल.

१३. समोरच्या शीश गुंबदच्या अगदी जवळ जा — लांबून नुसता दगड वाटतो, जवळ गेल्यावर उरलेल्या निळ्या फरशा दिसतात. बाहेरून इमारत दुमजली भासते. आत शिरलीस की एकच उंच दालन आहे हे कळेल.

१४. सिकंदर लोदीच्या कबरीसाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेव — १५१७ साली तो आग्र्याला वारला, मुलानं त्याला इथं आणून तटबंदीच्या आत ही वास्तू बांधली. तो मुलगा म्हणजे इब्राहिम, जो १५२६ साली पानिपतावर बाबराशी लढताना पडला. पानिपत म्हटलं की आपल्या पोटात १७६१ कालवतं; त्याच मातीत आणखी एक घराणं आधीच संपलं होतं, हे त्या भिंतीपाशी उभं राहून आठव.

१५. अठपुल्यावरून नुसती पलीकडे जाऊ नकोस, खाली उतरून तो बाजूनं बघ — कमानी सात, पण त्यांना पेलणारे खांब आठ, म्हणून अठपुला. अकबराच्या काळात तो बांधला तेव्हा खालून यमुनेला मिळणारा ओढा वाहत होता. कमानीचं कौतुक करावं, खांब विसरू नये.

१६. कबरीच्या चौथऱ्यावर बसू नकोस, डबा तर मुळीच उघडू नकोस — राजा असो की अनोळखी उमराव, कुणाच्या तरी घरच्यांनी त्याला तिथं रडत ठेवलेलं असतं.

१७. बरोबरच्या कुणी भिंतीवर नाव कोरायला किल्ली काढली, तर हात धर — १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यानं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा हे सांग, की पाचशे वर्षांचा गिलावा एकदा खरवडला की पुन्हा तसा होत नाही.

१८. झाडाआड बसलेल्या जोडप्यांकडे वळून वळून बघू नकोस — दाटीवाटीच्या शहरात निवांत दोन शब्द बोलायला त्यांना दुसरी जागा नाही. बाग सगळ्यांची, नजर आपापली.

१९. उंच झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेव — वाकड्या मोठ्या चोचीचा राखी धनेश तिथं दिसतो, आणि ढोलीच्या तोंडाशी पिंगळाही बसलेला असतो. तळ्यातल्या बदकांना पाव टाकू नकोस. त्यांना तो बाधतो आणि पाणी घाण होतं.

२०. काही झाडांवर क्यूआर कोड लावलेत, ते वाच, पण जवळ माळी दिसला तर त्यालाही विचार — कोड झाडाचं नाव सांगेल, यंदा मोहर लवकर आला की उशिरा, हे माळीच सांगेल.

२१. हिरवळीवर बसताना क्षणभर खैरपूरची आठवण ठेव — या घुमटांच्या भोवती त्या नावाचं गाव नांदत होतं. इंग्रज सरकारनं ते हलवलं आणि १९३६ साली इथं लेडी विलिंग्डन पार्क उघडलं. स्वातंत्र्यानंतर लोधी नाव आलं, १९६८ साली जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांनी बागेची फेरआखणी केली. पण ज्यांची चूल उठली ते कुठल्याही पाटीवर नाहीत, म्हणून आपण तरी लक्षात ठेवावं.

२२. आणि म्हणूनच, उठताना आपला कचरा तर उचलच, शेजारचा एखादा कागदही उचल — ज्याच्या अंगणात बसावं, त्याचं अंगण झाडून उठावं.

२३. त्याच दिवशी हुमायूनची कबर, कुतुबमिनार असं सगळं उरकू नकोस — डोळे थकले की पुढचा घुमट मागच्यात मिसळतो. अंगात त्राण उरलंच तर जोरबाग स्टेशनजवळची सफदरजंगची कबर बघ. मराठ्यांना १७५२ चा करार करून दिल्लीच्या राजकारणात आणणारा वजीर तो हाच.

२४. संध्याकाळपर्यंत राहिलीस, तर बाग बंद व्हायच्या अर्धा तास आधी फाटकाकडे वळ — अंधार पडला की सगळ्या वाटा सारख्या दिसतात, आणि रखवालदारालाही त्याचं घर असतं.

२५. पुढच्या वेळी खोलीतल्या मैत्रिणीला बरोबर ने, विशेषतः परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नसेल तिला — तिला काही समजावत बसू नकोस, नुसती एक फेरी मारून आण. बिनतिकिटाची एवढी मोठी बाग शहराच्या मधोमध आहे ती याचसाठी, आणि तिथं जायला कुणालाही कारण सांगावं लागत नाही.