शिपायाला गुण किती?



उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आठवीच्या काही मुलांनी छंदाच्या तासाला एक नवा खेळ सुरू केला. जाड पुठ्ठ्याचे शिपाई, हिरव्या चादरीचे मैदान, चादरीखाली वह्यांची चळत ठेवून केलेली टेकडी, मोजपट्टी आणि फासे. एका बाजूला नेपोलियन, दुसऱ्या बाजूला इंग्रज. युरोपात मोठी माणसेही हा युद्धखेळ आवडीने खेळतात. त्यांचे शिपाई धातूचे किंवा प्लास्टिकचे, बोटाच्या पेराएवढे असतात आणि त्या काळचा गणवेश पाहून अगदी गुंड्यांपर्यंत रंगवलेले असतात.

तिसऱ्याच दिवशी भांडण आमच्या खोलीपर्यंत आले. "सर, याने सगळे चिलखती घोडेस्वार घेतले आणि मला नुसते पायदळ दिले!" आम्ही सुचवले की प्रत्येक शिपायाचे गुण ठरवा आणि दोघांनी शंभर-शंभर गुणांची फौज घ्या. उपाय आमचा नव्हे, हे खेळाडू सगळीकडे असेच करतात. पण गुण ठरवायला मुलांबरोबर बसलो, तेव्हा कळले की यात गणितही आहे आणि इतिहासही. तोच आजचा पाठ.

बेरजेचा हिशेब

बुद्धिबळात प्याद्याला १, घोड्याला ३, उंटाला ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९ गुण धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. युद्धखेळातही तसेच. शिपाई नवखा की सरावलेला, बंदूक कोणती, घोडा आहे का, अंगावर चिलखत आहे का, हे पाहून आकडे मिळवत जायचे. आमच्या मुलांनी ठरवले की नवख्या शिपायाला ५ गुण आणि नेपोलियनच्या गार्डातील शिपायाला १०, कारण त्याचे नेम दुप्पट लागतात. म्हणजे १०० गुणांत २० नवखे घ्या किंवा १० गार्ड. हिशेब चोख वाटतो ना?

आता जरा थांबा. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच प्रश्नाचे गणित मांडले आहे. उघड्या मैदानात जिथे प्रत्येकाला प्रत्येकावर गोळी झाडता येते, तिथे फौजेची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. कारण सोपे आहे. ज्यांची संख्या जास्त, त्यांच्या गोळ्या जास्त, आणि त्यांच्यावर येणाऱ्या गोळ्याही जास्त जणांत वाटल्या जातात. म्हणून :

नवखे : १ × २० × २० = ४००
गार्ड : २ × १० × १० = २००

दोन्ही फौजा १०० गुणांच्या, पण नवख्यांची ताकद दुप्पट! १० गार्डांची बरोबरी सुमारे १४ नवखेच करतात. म्हणजे अशा मैदानात गार्डाचे योग्य गुण १० नव्हेत, सुमारे ७ आहेत.

पण तीच लढाई अरुंद पुलावर झाली तर? एका वेळी दोघा-तिघांनाच पुढे येता येईल, मागचे नुसते वाट पाहत उभे राहतील. तिथे संख्येचा वर्ग होत नाही, साधा गुणाकार होतो : २ × १० = २० आणि १ × २० = २०. म्हणजे पुलावर गार्डाचे १० गुणच बरोबर. शिपाई तोच, बंदूक तीच. फक्त जागा बदलली आणि गुण बदलले.

नेपोलियनचा हिशेब

स्वतः नेपोलियननेही असा हिशेब केला होता. १७९८ मध्ये तो इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा त्याची गाठ मामलुक घोडेस्वारांशी पडली. लहानपणापासून घोड्यावर वाढलेले हे स्वार तलवारबाजीत अव्वल होते. पुढे आठवणी सांगताना नेपोलियनने म्हटले की दोन मामलुक तीन फ्रेंचांना भारी पडत. शंभरास शंभर असले की सामना बरोबरीचा. तीनशेस तीनशे असले की बहुधा फ्रेंच जिंकत, आणि हजार फ्रेंच तर दीड हजार मामलुकांचाही पराभव करीत. फरक शिस्तीचा होता. मामलुक एकेकटा शूर, पण फ्रेंच स्वार रांग धरून, हुकुमाबरोबर वळत आणि एकमेकांना सांभाळत लढत. आता सांगा, एका मामलुकाला गुण किती द्यायचे? किती जण लढणार, हे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या मैदानावर फ्रेंचांच्या चिलखती घोडदळाने इंग्रजांच्या पायदळावर पुन्हा पुन्हा हल्ले केले. आमच्या यादीत सर्वात महाग आहेत ते हेच स्वार. पण पायदळाने संगिनी रोखून चौकोनी व्यूह केले होते, आणि संगिनींच्या भिंतीवर घोडा जात नाही. व्यूह मोडले नाहीत. त्या स्वारांबरोबर पुरेशा तोफा आणि पायदळ पुढे गेले असते, तर दाटीने उभे असलेले तेच व्यूह तोफांचे सोपे लक्ष्य ठरले असते. महाग स्वार सोबतीवाचून वाया गेले.

त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती होता वेलिंग्टन. हाच वेलिंग्टन बारा वर्षे आधी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढला होता. कागदावर बेरीज केली तर आपली बाजू कितीतरी जड होती, माणसेही जास्त आणि तोफाही जास्त. निकाल मात्र उलट लागला.

मग गुण हवेत कशाला?

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट राइस्विट्झ याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात दोन्ही फौजा सारख्याच असल्या पाहिजेत, असा आग्रह नव्हता. कारण खऱ्या युद्धात शत्रू काही मोजून समान फौज आणत नाही. समान गुणांची गरज पडते ती संध्याकाळी दोन तास खेळायला बसलेल्या दोघांना, कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. गुण म्हणजे खेळापुरता ठरवलेला भाव. शिपाई कसा आहे, हे त्यावरून कळत नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत परीक्षेत मिळतात ते 'अंक'. मराठीत त्यांनाच 'गुण' म्हणतात, आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही 'गुण'च म्हणतात. एकाच शब्दाने दोन्ही सांगितले की घोटाळा होतो. तसा तो आमच्याही हातून झाला.

गेल्या वर्षी क्रीडादिनासाठी चार गट पाडायचे होते. गट सारखे व्हावेत म्हणून आम्ही प्रत्येक मुलाला ५ पासून १ पर्यंत गुण दिले आणि चारही बेरजा जुळवल्या. ती यादी टेबलावर उघडी राहिली. सातवीतल्या एका मुलीने ती वाचली आणि विचारले, "सर, मी दोनची आहे का?" आम्ही म्हणालो, "अगं, ते फक्त गट पाडण्यासाठी." ती काही बोलली नाही, मान खाली घालून निघून गेली. त्या दिवशी आमच्यापाशी याहून चांगले उत्तर नव्हते.

आज आहे. तो आकडा आमच्या सोयीसाठी होता. तो एका दिवसाच्या धावण्यापुरता होता, आणि तिच्या गटात कोण आहे, ती कशात रमते, हे न विचारता लिहिलेला होता. हे आम्ही तिला बोलावून सांगितले आहे. यंदा गट पाडून झाले की यादी फाडून टाकू. चाचणीचे गुण मात्र तुमच्या घरी येणारच. पालकांनी ते जरूर पाहावेत, आणि कोणत्या मैदानावर मिळाले तेही मुलांना विचारावे.

स्वाध्याय

१. नवख्या शिपायाला ५ गुण आहेत. एका शिपायाचे नेम नवख्याच्या तिप्पट लागतात. त्याला उघड्या मैदानात किती गुण द्याल आणि अरुंद पुलावर किती?

२. बुद्धिबळात घोडा आणि उंट दोघांनाही ३ गुण आहेत. पट प्याद्यांनी भरलेला असताना कोण अधिक उपयोगी, आणि पट मोकळा झाल्यावर कोण? खेळून पाहा आणि कारण लिहा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. या वहीवर गुण दिले जाणार नाहीत.