एका फाइलवर दोन हात : दुरुस्त्यांचा मेळ कसा घालावा?

भागीदारीच्या धंद्यात दरपत्रकाची एकच फाइल असते आणि दुकान व कारखाना दोन्हीकडून तिच्यात दुरुस्त्या होतात. ज्याने फाइल शेवटी जतन केली त्याची दुरुस्ती टिकते; दुसऱ्याची नकळत पुसली जाते. हे टाळण्यासाठी आवृत्ती-नियंत्रण प्रणाली वापरतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची ती नोंदवहीच ठेवते.

वॉल्टर टिची यांच्या 1982 च्या 'आरसीएस' प्रणालीत फाइलला कुलूप लावून एका वेळी एकानेच काम करण्याची पद्धत होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये तयार केलेल्या 'गिट'मध्ये प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रत असते. दोघे आपापले काम करतात व नंतर प्रती जुळवतात.

समजा, लाकडी कपाटाचा दर 8,000 रुपये आहे. मजुरी वाढली म्हणून कारखान्याने तो 8,600 केला. त्याच दिवशी दुकानाने एका जुन्या गिऱ्हाइकासाठी 7,800 लिहिला. जुळवताना गिट येथे थांबते आणि दोन्ही दर खुणांच्या ओळींमध्ये एकाखाली एक दाखवते. खरा दर कोणता, हे यंत्राला ठरवता येत नाही.

अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे :

1. घाईने एक ओळ खोडू नये. गोंधळ वाटल्यास जुळणी रद्द करून पूर्वस्थितीत येता येते.

2. दुसऱ्या भागीदाराला कारण विचारावे. वरील उदाहरणात योग्य उत्तर तिसरेच आहे : सर्वसाधारण दर 8,600 आणि जुन्या गिऱ्हाइकाची सवलत वेगळ्या ओळीत.

3. खुणांच्या ओळी काढून फाइल पूर्ण वाचावी आणि कारणासह नोंद करावी.

खरा धोका मात्र यंत्र थांबत नाही तेथे असतो. एकाने कपाटाचा दर 8,600 केला आणि दुसऱ्याने यादीच्या तळाशी 'सर्व दरांत 10 टक्के वाढ' असे लिहिले, तर ओळी दूर असल्याने गिट दोन्ही बदल निमूटपणे स्वीकारते. गिऱ्हाइकाला मात्र 9,460 रुपये सांगितले जातात! म्हणून बिनतक्रार जुळलेली फाइलही एकदा वाचावीच.

ही जुळणी साध्या मजकुराच्या फाइलींत होते. नक्षीची चित्रे व फोटो अशा प्रकारे जुळत नाहीत. तेथे पाळी ठरवून एकानेच काम करावे.

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी ताजी प्रत घ्यावी आणि दुरुस्त्या त्या त्या दिवशीच पाठवाव्यात. आठवडाभर साठवलेल्या दुरुस्त्यांतच तंटे अधिक निघतात.